परदेशातून आणायचे काय?

गेल्या दिवाळीत माझी धाकटी नणंद चार दिवसांसाठी आमच्या अंबाल्याच्या क्वार्टरवर आली होती. सोबत तिचा सहा वर्षांचा मुलगा आणि पिशवीत एक जाडजूड वही. तिच्या यजमानांच्या नोकरीमुळे ते कुटुंब साडेतीन वर्षे जर्मनीत, स्टुटगार्टला होते. आता बंगळुरूला परतले आहे. फराळाचे डबे बाजूला सारून तिने ती वही माझ्यापुढे उघडली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत एका शाळेचे नाव लिहिलेले होते आणि त्याच्या शेवटी 'इंटरनॅशनल प्रीस्कूल'.

"वहिनी, तू चौदा वर्षं बालवाडीत शिकवतेस. जबलपूर, सिकंदराबाद, अंबाला, सगळीकडची मुलं तू पाहिलीस. तूच सांग, मी ही शाळा काढू की नको?"

त्या चार दिवसांत मी तिला उत्तर दिले, पण करंज्या तळता तळता दिलेले उत्तर अर्धेच असते. उरलेले इथे लिहिते आहे. ते शाळेच्या मासिकात लिहिण्याचे कारण असे, की आपल्या वाचकांत सैनिकांची कुटुंबे पुष्कळ आहेत. फौजेतला माणूस चाळिशीच्या आसपास पेन्शनवर येतो आणि पुढे काय करायचे हा प्रश्न घरात बसतो. गावाकडे किंवा छावणीच्या शहरात एखादी छोटी शाळा काढावी, हा विचार कितीतरी घरांत होतो. कुणी शांतिसेनेच्या तैनातीवर परदेश पाहून आलेला असतो, कुणाची बहीण नाहीतर मुलगी परदेशात असते. तेव्हा हा प्रश्न एकट्या माझ्या नणंदेचा नाही.

आधी तिने तिथे काय पाहिले ते सांगते.

तिचा मुलगा तीन वर्षांचा असताना तिथल्या किंडरगार्टनमध्ये दाखल झाला. पहिल्या दिवशी त्याला दारात सोडून निघून यायचे, अशी तिची समजूत. पण बाईंनी तिला वर्गातच एक खुर्ची दिली आणि बसायला सांगितले. मुलाला बोलवायचे नाही, ढकलायचे नाही, नुसते बसायचे. मुलगा खेळायला जाई, मध्येच मागे वळून आई आहे ना ते पाही आणि पुन्हा खेळात रमे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाईंनी तिला दहा मिनिटांसाठी बाहेर पाठवले. मग अर्धा तास, मग एक तास. निघताना मुलाला सांगून निघायचे, गुपचूप पळायचे नाही, हा नियम. असे दोन आठवडे चालले आणि एके दिवशी मुलगाच तिला म्हणाला, "आई, तू जा आता." मुलाला रुळवण्याची ही रीत जर्मनीतल्या बालशाळांत सर्रास आहे.

दुसरी गोष्ट चिखलाची. पाऊस असो, थंडी असो, मुले रोज बाहेर जात. प्रत्येकाच्या खुंटीला रबरी तुमान आणि गमबूट टांगलेले. चिखलात बसायचे, पाणी ओतायचे, काटक्यांचे बांध घालायचे. आत येताना बूट काढायचे आणि घरातल्या सपाता घालायच्या. तीन वर्षांचे मूल हे सगळे स्वतः करी. बटण लागायला पाच मिनिटे लागली तर बाई पाच मिनिटे थांबत.

तिसरी गोष्ट म्हणजे अक्षरांची घाई कुणालाच नव्हती. लिहिणे-वाचणे सहा वर्षांनंतर, शाळेत गेल्यावर. त्याआधी गाणी, गोष्टी, कातरकाम, भाज्या चिरणे, मित्राशी भांडण आणि भांडण मिटवणे. आणखी एक. बाईंनी तिला बजावून सांगितले होते, की घरी मराठीच बोला. जर्मन आम्ही पाहू, तुम्ही त्याची घरची भाषा नीट सांभाळा.

मग कुटुंब बंगळुरूला परतले. धाकट्या मुलीला बालवर्गात घालायचे म्हणून ती चौकशीला गेली. तीन वर्षांच्या मुलीला टेबलासमोर उभे करून रंग विचारले, इंग्रजी अक्षरे विचारली. मुलगी आईच्या ओढणीमागे लपली. "घरी इंग्रजी बोलत जा," असा सल्ला मिळाला. त्या रात्री नणंदेने ठरवले, आपणच शाळा काढायची.

इथवर माझी तिला पूर्ण साथ होती. कौतुकही होते. पण मी वहीची पुढची पाने उलटली. त्यात लाकडी खेळण्यांची यादी होती, सगळी बाहेरून मागवायची. रंगीत टेबल-खुर्च्या होत्या, भिंतीवरची चित्रे होती, गणवेश होता, हिरवे कृत्रिम गवत होते. भाड्याचा, पगाराचा आणि फीचा हिशेब होता. फीचा आकडा वाचून मी वही मिटली, कारण तेवढी फी सुभेदाराच्या पगारातून भरताना मला स्वतःला दहा वेळा विचार करावा लागला असता.

मी तिला विचारले, "तुझी ती खुर्ची कुठे आहे?"

"कुठली खुर्ची?"

"तुला वर्गात बसायला दिली ती."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "दोन आठवडे पालकांना कोण सुट्टी देणार, वहिनी? आणि पालक वर्गात बसले की इतर मुलंही रडतात."

"आणि चिखल?"

"गणवेश खराब झाला की इथले पालक तक्रार करतात. म्हणून तर गवत कृत्रिम घेतलं."

मला जे म्हणायचे आहे त्याचे मूळ या संवादात आहे. तिथे तिला जे जे आवडले होते, त्यातले एकही वहीत उतरले नव्हते. वहीत उतरले होते ते दुकानात विकत मिळणारे. यात तिचा दोष नाही. परदेशातून माणूस परत येतो तेव्हा बॅगेत वस्तू मावतात. रीत मावत नाही, कारण ती कुणाच्या तरी धीरातून आलेली असते आणि तो धीर इथे आल्यावर आपल्यालाच धरावा लागतो.

तिच्या वहीत तीन परदेशी नावे वारंवार येत होती: किंडरगार्टन, माँटेसरी, रेजिओ. आजकाल महागड्या बालशाळांच्या पाट्यांवर हीच नावे दिसतात. ती कुठून आली हे कॅडेट मित्रांनाही आवडेल, कारण त्यातल्या दोन गोष्टी लढाईच्या मैदानाजवळ सुरू होतात.

किंडरगार्टन हा शब्द फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकाचा. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धात तो स्वयंसेवक सैनिक म्हणून सामील झाला होता. त्याच पलटणीत त्याला दोन मित्र भेटले आणि पुढे त्याच्या शाळेच्या कामात तेच त्याचे सहकारी झाले. १८३७ मध्ये ब्लँकेनबुर्ग या लहानशा गावात त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केले आणि १८४० मध्ये त्याला 'मुलांची बाग' असे नाव दिले. बंदूक ठेवून आलेल्या माणसाने हे नाव निवडले, हे मला फार बोलके वाटते.

माँटेसरी हे नाव डॉक्टर मारिया माँटेसरी यांचे. त्यांची पहिली शाळा ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो भागात उघडली. तो भाग गरिबांचा. आई-बाप दिवसभर कामावर, मुले जिन्यांत आणि अंगणात मोकाट. भिंती खराब करतात म्हणून घरमालकांनी एक खोली दिली, तिथे ही शाळा भरली. ज्या मुलांना कुणी शिकण्याजोगे समजत नव्हते, त्या मुलांनी जगाला शिकवले, की लहान मूल मन लावून काम करू शकते.

आणि रेजिओ? १९४५ च्या वसंतात इटलीतले युद्ध संपले. रेजिओ एमिलिया शहराजवळच्या एका खेड्यात, व्हिला चेल्ला इथे, गावकऱ्यांनी मुलांसाठी शाळा बांधायला घेतली. पैसे कुठून आले? माघार घेताना जर्मन सैन्य मागे सोडून गेले होते एक रणगाडा, काही ट्रक आणि घोडे. ते विकून. पडलेल्या घरांच्या विटा गोळा करून आई-बापांनी आपल्या हातांनी भिंती उभ्या केल्या. लोरिस मालागुत्सी नावाचा तरुण शिक्षक ही बातमी ऐकून सायकलवरून तिथे गेला आणि पुढे आयुष्यभर त्याच कामात राहिला. एरवी युद्धानंतर रणगाड्याचे स्मारक होते. त्या खेड्याने त्याची बालवाडी केली.

ही तीनही नावे साध्या, बऱ्याचदा फाटक्या माणसांच्या मुलांसाठी केलेल्या कामातून आली. मग आपल्याकडे ती येताना इतकी महाग कशी होतात?

नेहमीच असे झाले नाही, हे सांगण्यासाठी मी नणंदेला गिजुभाईंची गोष्ट सांगितली. गिजुभाई बधेका सौराष्ट्रातले. १९०७ मध्ये, म्हणजे रोममध्ये माँटेसरींची शाळा उघडली त्याच वर्षी, ते नशीब काढायला पूर्व आफ्रिकेत गेले. आपले काम आपण करायचे, दुसऱ्यावर टाकायचे नाही, हा धडा त्यांना त्या मुक्कामात मिळाला. परत येऊन त्यांनी मुंबईत कायद्याचे शिक्षण घेतले आणि वकिली सुरू केली. १९१३ मध्ये मुलगा झाला. या मुलाला कुठल्या शाळेत घालायचे, हा विचार त्यांना सोडेना. स्वतःच्या शाळेच्या आठवणी छडीच्या आणि भीतीच्या होत्या. तेच मुलाच्या वाट्याला द्यायचे नव्हते. तेव्हा त्यांच्या हाती माँटेसरींच्या विचारांची पुस्तके आली. वकिली सोडून १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० मध्ये तिथे त्यांनी बालमंदिर सुरू केले.

एक बाप, परदेशाचा अनुभव आणि इटलीहून आलेली पद्धत. आजच्या भाषेत ही शाळा 'इंटरनॅशनल'च म्हणायची. पण त्यांनी तसे नाव दिले नाही आणि तशी नक्कलही केली नाही. माँटेसरींना लहान वयात परीकथा, अद्भुत गोष्टी देणे फारसे पसंत नव्हते. गिजुभाईंनी मात्र गोष्ट हाच आपल्या शाळेचा प्राण केला. काठेवाडातल्या आजीबाईंच्या गोष्टी, लोकगीते, नाटके, माती, नदी, डोंगर, सगळे शाळेत आणले. पद्धत घेतली, पण डोळे मिटून घेतली नाही. मुले आणि लोक त्यांना 'मिशाळ आई' म्हणत. आपल्या फौजी बापांनी या पदवीचा थोडा विचार करावा.

पुढची पायरी एका मराठी बाईची आहे. ताराबाई मोडक राजकोटला महिला ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या होत्या. मानाची नोकरी, पदरी लहान मुलगी. १९२३ मध्ये ती नोकरी सोडून त्या गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. नंतर ताराबाई मुंबईला आल्या, दादरला शिशुविहार चालवला. तिथे त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण त्यांना एक गोष्ट खुपत होती. ही पद्धत शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांपुरतीच राहत होती आणि साहित्य महाग होते.

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ. लाकडी ठोकळ्यांऐवजी शंख-शिंपले, चिंचोके, बिया, गोटे, पाने आली. मोजायला, रंग ओळखायला, लहान-मोठे लावायला याहून काय लागते? वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर मुलांना दोष न देता त्या स्वतः वस्तीत गेल्या आणि अंगणातच शाळा भरवली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम सुरू झाले. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाही कुरणात गेली आणि तिचे नाव कुरणशाळा झाले. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर पोचला. आज काश्मीरपासून केरळपर्यंत जिथे जिथे माझ्या यजमानांची बदली झाली, तिथे तिथे हा मराठी शब्द मला भेटला. परमुलखात तो ऐकला की माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते.

रोमच्या गरीब वस्तीतली एक कल्पना भावनगरमार्गे बोर्डीच्या अंगणात आली ती अशी. वाटेत तिचे लाकडी ठोकळे गळाले, मुलाकडे पाहण्याची नजर टिकली. माझ्या नणंदेच्या वहीत नेमके उलटे झाले होते.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी, कारण नणंदेने ती चांगली मांडली. ती म्हणाली, "वहिनी, तुझी बालवाडी युनिटच्या जागेत भरते. तुला भाडं नाही. बंगळुरूत एक मजला भाड्याने घ्यायचा तर किती पडतात माहीत आहे? बाईंना चांगला पगार द्यायचा तर फी घ्यावीच लागते. कमी पगारावर बाई ठेवली तर ती पाच मिनिटं बटणासाठी थांबेल का?" हे खरे आहे. चांगली बालवाडी स्वस्तात होते असे म्हणणारा माणूस बहुधा बाईंच्या पगारात काटछाट करतो. आणि नावाचेही तसेच. इंटरनॅशनल लिहिले नाही तर पालक फिरकत नाहीत, ही तिची भीती खोटी नाही. आपणही पालक आहोत. पाटी वाचूनच तर आपण आत जातो.

तरीही माझे मत आहे, की शाळा काढणाऱ्याने तीन गोष्टी नक्की ठरवाव्यात.

पहिली, पैसा वस्तूंवर कमी आणि माणसांवर जास्त खर्च करावा. वहीतल्या खेळण्यांच्या यादीचे पैसे एका अनुभवी बाईच्या वर्षभराच्या पगाराएवढे होते. मी ते तिच्यासमोर बेरीज करून दाखवले. चिंचोके फुकट मिळतात. मायाळू आणि शिकलेली बाई फुकट मिळत नाही.

दुसरी, मुलाची घरची भाषा दारात उतरवून ठेवायला लावू नये. आमच्या छावणीतल्या वर्गात गढवाली, पंजाबी, डोगरी, तमिळ, मराठी मुले एकत्र बसतात. एका मुलाला पाणी हवे असते, दुसऱ्याला 'तण्णी'. पंधरा दिवसांत सगळ्यांना दोन्ही शब्द येतात. याहून मोठी 'इंटरनॅशनल' शाळा कुठली असणार? २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही हेच सांगते, की लहान वयात शिक्षण खेळातून आणि शक्य तिथे घरच्या भाषेतून व्हावे. स्टुटगार्टच्या बाईंना मराठीचे मोल कळले. बंगळुरूच्या शाळेत कन्नड, तमिळ, मराठी अंगाईगीतांना जागा नसेल, तर आपण जर्मनीला जाऊन काय शिकलो?

तिसरी, काही जागा अशा मुलांसाठी ठेवाव्यात ज्यांचे आई-बाप ती फी भरू शकत नाहीत. उपकार म्हणून नव्हे. नणंदेच्या इमारतीत काम करणाऱ्या बाईंची मुलगी दिवसभर जिन्यात बसून असते, हे तिनेच मला सांगितले होते. सान लोरेन्झोच्या जिन्यातली मुले ती हीच. ज्या मुलीला पाहून माँटेसरींनी शाळा काढली असती, तीच जर माँटेसरी नावाच्या शाळेबाहेर बसून राहिली, तर पाटी खाली उतरवलेली बरी.

आता कॅडेट मित्रांनो, तुम्ही म्हणाल, बालवाडीचे हे पुराण आम्हाला कशाला? आमचा संबंध परेडशी, अभ्यासाशी, मैदानाशी.

संबंध आहे, आणि तो शिस्तीचा आहे. बालवाडीत चौदा वर्षे काढल्यावर माझी एक खात्री झाली आहे. 'गप्प बस' म्हणून गप्प बसलेले मूल आणि कामात गढून गप्प झालेले मूल, दोघे लांबून सारखेच दिसतात. बाई वर्गाबाहेर गेल्या की फरक कळतो. माँटेसरींचे म्हणणे हेच होते, की शिस्त मुलाच्या आतून, त्याच्या कामातून उगवते. मोठ्यांनी तिच्यासाठी जागा करायची. तुमच्या उस्तादांनाही हेच हवे असते. शिट्टी वाजल्यावर पाच वाजता उठणे सोपे आहे. माझा मुलगा आठवीत आहे. सुट्टीत घरी आल्यावर पहिले तीन दिवस तो चादरीची घडी अशी घालतो की तिच्यावर नाणे उडावे. चौथ्या दिवशी चादर जमिनीवर असते. मी रागावत नाही. शिस्त अजून बाहेरून आत यायच्या वाटेवर आहे, असे समजते. पण ज्या दिवशी तो शिट्टीशिवाय घडी घालील, त्या दिवशी शाळेचे काम फत्ते झाले असे मी म्हणेन.

नणंद निघायच्या आदल्या रात्री आम्ही सगळे ओसरीवर बसलो होतो. खुर्चीची गोष्ट पुन्हा निघाली. माझा मुलगा इतका वेळ गप्प ऐकत होता. तो एकदम म्हणाला, "आत्या, मलापण ती खुर्ची मिळाली होती."

मी चमकले. सहावीत त्याला सोडायला आम्ही गेलो, तो दिवस मला लख्ख आठवतो. ट्रंक ठेवली, सह्या केल्या आणि दुपारच्या आत निघायला सांगितले. तो पाठ करून उभा होता, कारण वळला असता तर रडला असता. मीही वळून पाहिले नाही, त्याच कारणाने. गाडीत आम्ही दोघे अंबाल्यापर्यंत बोललो नाही. खुर्ची-बिर्ची काही नव्हती.

"तुम्ही गेल्यावर रात्री झोप येईना," तो सांगू लागला. "मी उशीत तोंड खुपसून पडलो होतो. दिवे गेल्यावर उस्ताद राउंडला आले. काही बोलले नाहीत. समोरच्या रिकाम्या खाटेवर बसले. माझ्यासारखीच अजून दोघं-तिघं जागी होती. ते तिथंच बसून राहिले. मला झोप लागली तोवर बसलेच होते. दुसऱ्या दिवशीपण आले. मग चौथ्या-पाचव्या दिवशी मीच झोपून गेलो, ते आले की नाही मला माहीत नाही."

तीन वर्षांत ही गोष्ट त्याने आम्हाला कधी सांगितली नव्हती. माझ्या यजमानांनी तोंड फिरवून घसा साफ केला. नणंदेने वही उघडली आणि काहीतरी लिहिले.

त्या उस्तादांनी जर्मनी पाहिली नसेल. मुलांना रुळवण्याच्या पद्धतीचे नावही त्यांनी ऐकले नसेल. पण जे आणायला माझी नणंद परदेशातून परत आली, ते त्यांच्याकडे होतेच. मूल जागे आहे तोवर आपण बसायचे, आणि त्याला आपली गरज उरली नाही की उठून जायचे. परदेश पाहण्याचा फायदा एवढाच, की आपल्याकडचे असे उस्ताद आपल्याला दिसू लागतात. ते दिसले नाहीत, तर माणूस पाटी रंगवत बसतो.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. बालशाळा निवडताना पाटी आणि खेळणी नंतर पाहा. आधी विचारा, पहिल्या आठवड्यात माझे मूल रडले तर तुम्ही काय कराल? उत्तर देताना समोरचा माणूस घड्याळाकडे पाहतो की मुलाकडे, ते बघा. ज्यांना शाळा काढायची आहे त्यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारावा आणि मग भाड्याचा हिशेब करावा.

आणि सातवीपासून वरच्या कॅडेटांनो, थोड्याच महिन्यांत सहावीची नवी मुले ट्रंक घेऊन येतील. त्यांचे आई-बाप दुपारी परत जातील. रात्री कुणीतरी उशीत तोंड खुपसून पडलेले दिसेल. त्याची चेष्टा करू नका आणि त्याला उपदेशही करू नका. समोरच्या खाटेवर थोडा वेळ बसा.

मागच्या महिन्यात नणंदेचा फोन आला होता. तिने तळमजल्यावरची एक जागा पाहिली आहे. मागे दोन खोल्यांएवढे मातीचे अंगण आहे, म्हणून घेते म्हणाली. कृत्रिम गवत रद्द केले. जिन्यातल्या त्या मुलीच्या आईशी बोलणे झाले आहे. फीचा आकडा अजून जुळत नाही आणि पाटीवर काय लिहायचे यावरून घरात वाद चालू आहे.

"पाटीचं राहू दे," मी म्हणाले. "खुर्च्या किती घेतल्यास?"

"बारा," ती म्हणाली. "मोठ्या माणसांच्या मापाच्या."